चांदीला फुटलेली मुळं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावा, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं असतं. त्यामागे साधं रसायन आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तेहेतीस टक्केही पुरतात. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८०च्या खाली क्वचितच उतरते. बरणीतलं पाणी दिसतं म्हणून आपण चार तांदळाचे दाणे टाकतो. तेच मीठ वाऱ्याबरोबर घरातल्या वायरींवर, स्विचांवर, जुन्या रेडिओच्या पोटात जाऊन बसलेलं असतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

हौशी रेडिओचे, म्हणजे हॅम लोकांचे जुने ट्रान्सिव्हर दुरुस्त करायचा मला छंद आहे. मागच्या जूनमध्ये मुरगावच्या बाजूचे एक काका त्यांचा सेट घेऊन आले. काका जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. आयुष्यभर मोर्स ऐकलं, मोर्स पाठवलं. १ फेब्रुवारी १९९९ला उपग्रहांवर आधारलेली नवी सागरी संकटसूचना पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि जहाजावरची त्यांची खुर्चीच रिकामी झाली. सत्तरच्या दशकातला हा जपानी सेट त्यांनी परदेशातल्या एका बंदरात घेतला होता. गेली दहाएक वर्षं तो चादरीत गुंडाळून कपाटावर होता. "बंद केला तेव्हा अगदी व्यवस्थित चालत होता," काका म्हणाले. माझा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. चालता सेट बंद करून ठेवणं हाच गोव्यात त्याला होणारा सगळ्यात मोठा आजार आहे, हे मी आता पुष्कळ सेट उघडून शिकलोय.

ट्रान्सिव्हर म्हणजे नुसता ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एका डब्यात कोंबलेला नव्हे. दोघांना लागणारा फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर आणि क्वार्ट्झचा क्रिस्टल फिल्टर एकच असतो. ऐकताना तो एका दिशेने वापरायचा, बोलताना दुसऱ्या. त्यामुळे जिथे ऐकतो तिथेच आपोआप बोलतो. अमेरिकेतल्या कॉलिन्स कंपनीने १९५७मध्ये केडब्ल्यूएम-१ हा असा एकेरी पट्टीचा, म्हणजे सिंगल साइडबँडचा सेट आणला. साध्या एएम प्रक्षेपणात पूर्ण मॉड्युलेशन असलं तरी दोन तृतीयांश शक्ती नुसत्या वाहक लहरीत जाते आणि तिच्यात बोलण्याचा एक शब्दही नसतो. उरलेली शक्ती दोन बाजूच्या पट्ट्यांत सारखी वाटली जाते, आणि दोन्हींत मजकूर तोच. सिंगल साइडबँडमध्ये वाहक लहर आणि एक पट्टी काढून टाकतात. म्हणून शंभर वॅटचा सेट आणि दोन माडांमध्ये ताणलेली वीस मीटरची तार एवढ्यावर पेडण्यातला माणूस जपानशी बोलू शकतो.

सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी यात मधला मार्ग काढला. येसूचा एफटी-१०१ आणि केनवूडचा टीएस-५२० हे सेट संकरित होते: बहुतेक सगळं काम ट्रान्झिस्टरवर, फक्त शेवटची ताकद काढायला काचेच्या नळ्या, ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणतो. त्या नळ्यांना सिग्नल पुरवणारा ड्रायव्हर म्हणून १२बीवाय७ए ही मुळात टीव्हीच्या चित्रासाठीची नळी. एफटी-१०१मधल्या फायनल, म्हणजे शेवटची ताकद काढणाऱ्या नळ्याही टीव्हीतल्याच होत्या, पडद्यावरचा किरण आडवा फिरवणाऱ्या. असे सेट सरळ स्क्रूड्रायव्हरने उघडता येतात, आत हात जातो, सर्किट डोळ्यांनी वाचता येतं. माझ्या मते दुरुस्ती शिकायला याहून चांगला गुरू नाही.

मात्र या गुरूकडे ८०० व्होल्टच्या आसपास वीज असते, आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात राहते. ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ८०० व्होल्टवर १६ जूल ऊर्जा धरून ठेवतो. किलोभर वजनाचा नारळ पुरुषभर उंचीवरून पडावा तेवढी ही ऊर्जा. ती छातीतून गेली तर माणूस उठत नाही. म्हणून आधी रेझिस्टरमधून कंडेन्सर रिकामा करायचा, मीटरने खात्री करायची, आणि तरीही डावा हात खिशात ठेवायचा. हा नियम मी एकदाही मोडत नाही.

काकांचा सेट उघडला तर पंख्याच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, चेसिसवर पालीच्या अंड्यांची टरफलं. ते कोरड्या ब्रशने निघालं. मन खट्टू झालं ते बोर्डाची खालची बाजू बघून. कुणीतरी कधीकाळी चार-पाच ठिकाणी डाख दिला होता, आणि त्या प्रत्येक सांध्याभोवती तांब्याला हिरवा कळंक चढला होता.

हे समजायला कल्हईवाल्याची आठवण काढावी लागेल. तापलेल्या भांड्यात तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथील फिरवलं की भांडं चांदीसारखं लखलखायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचं अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. ते आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतं आणि उघड्या धातूला कथील धरतं. भांडं नंतर खळखळून धुतात म्हणून काही बिघडत नाही. रेडिओत तशीच जहाल पेस्ट वापरली तर क्लोराइड तिथेच राहतं, पावसाळ्यात पाणी ओढतं आणि तांब्याचा पट्टा आतून खात बसतं. यासाठी रेडिओच्या डाखाला राळ हवी. राळेतलं आम्ल तापल्यावरच काम करतं आणि गार झालं की गुमान पडून राहतं. मी ते सांधे शोषून काढले, बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतला, दोन दिवस पंख्याखाली वाळवला आणि राळेच्या तारेने पुन्हा डाख दिला.

पुढचं काम माझ्या फार आवडीचं, कारण त्यात घाई चालत नाही. पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये रसायनात भिजलेला कागद. विजेला अडवतो तो कागद नाही. अडवतो तो अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर, आणि तो विजेनेच बनवलेला असतो. ज्या व्होल्टेजवर तो बनवतात त्याच्या दर व्होल्टमागे साधारण सव्वा ते दीड नॅनोमीटर जाडी येते. म्हणजे ४५० व्होल्ट सोसणारा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. सेट वापरात असला की या थराला पडणारी बारीक भोकं रोजच्या रोज बुजत राहतात, कारण भोकातून वीज झिरपली की त्याच जागी नवं ऑक्साइड तयार होतं. सेट दहा वर्षं पडून राहिला तर थर हळूहळू विरत जातो आणि बुजवायला वीज नसते. अशा सेटला भसकन २३० व्होल्ट दिले तर कंडेन्सर तापतो, उकळतो, कधी फुटतो. पुष्कळ चांगले सेट असे उत्साहाच्या पहिल्या मिनिटात मेलेत.

म्हणून त्याला हळूहळू शुद्धीवर आणायचं. मी कंडेन्सर सुटा केला आणि १ लाख ओहमच्या रेझिस्टरमधून त्याला ४५० व्होल्टचा डीसी सप्लाय जोडला. सकाळी कंडेन्सरवर जेमतेम ९० व्होल्ट दिसत होते, म्हणजे ३.६ मिलिअँपिअर वीज त्यातून गळत होती. दुपारी जेवून आलो तर २७०. संध्याकाळी ४१०, गळती ०.४ मिलिअँपिअर. बाहेर पाऊस कोसळत होता आणि टेबलावर दिवसभरात एक अदृश्य थर पुन्हा विणला गेला होता. पण थर परत आला म्हणजे आतलं सुकलेलं रसायन परत येत नाही. त्यामुळे नंतर कंडेन्सरची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजावाच लागतो. काकांच्या सेटमधला एक टिकला, दुसरा बदलला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेला नवा तर जुन्याच्या निम्म्या आकाराचा निघाला.

काही जण सेट आला की डोळे मिटून सगळेच कंडेन्सर बदलतात. मला ते पटत नाही. जुन्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे नाजूक असतात. शंभर सांधे उकलताना पाच तुटतात, आणि एका आजाराच्या जागी पाच नवे येतात. मोजावं आणि जो गेला आहे तोच काढावा.

मग सिरीज बोर्ड. आपले इलेक्ट्रिशियन वापरतात तोच: सेटच्या वाटेत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम, गार असताना त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सगळी वीज स्वतः पितो, सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. तो मंद झाला. स्पीकरमधून खरखर आली, आणि ७ मेगाहर्ट्झवर कुणाचं तरी मोर्स. काकांनी कान टवकारले आणि टेबलावरची पेन्सिल उचलून लिहायला सुरुवात केली.

ऐकणं जमलं, बोलणं नाही. माइकचं बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात एका फायनल नळीची प्लेट, म्हणजे वीज गोळा करणारा आतला पत्रा, अंधारात लालसर दिसायला लागायची. प्लेट लाल होणं म्हणजे नळीतून बेसुमार वीज जातेय. तिला आवरणारी ग्रिड, म्हणजे नळीतली बारीक तारांची जाळी, साधारण उणे ६० व्होल्टवर असायला हवी. दोन्ही फायनल नळ्या काढून मी सॉकेटवर मोजलं: उणे २२. ग्रिडकडे कुठून तरी धन वीज झिरपत होती.

ड्रायव्हरची प्लेट ३०० व्होल्टवर असते. तिच्यावरचा सिग्नल फायनलच्या ग्रिडवर पोहोचवायचा आणि ३०० व्होल्ट मात्र अडवायचे, हे काम मधला छोटा अभ्रकाचा कंडेन्सर करतो. तो काढून मल्टीमीटरने तपासला, तर एकदम निर्दोष. इथेच फसायला होतं. मल्टीमीटर जेमतेम काही व्होल्टांवर तपासतो. जो बांध घोटाभर पाण्याला पुरतो तो पुरात टिकेलच असं नाही. मी त्याला माझ्या सप्लायवर ३०० व्होल्ट लावले आणि मीटरचा काटा उठला.

अभ्रक स्वतः सहसा दगा देत नाही. दगा देते त्याच्यावर चढवलेली चांदी. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना चांदीचा लेप असतो. बाहेरचं आवरण तडकलं की दमट हवा आत शिरते आणि कडेवर पाण्याचा अतिशय पातळ थर धरतो. धन बाजूची चांदी त्यात आयनरूपाने विरघळते आणि विजेच्या ओढीने ऋण बाजूकडे चालू लागते. तिथे पोहोचली की पुन्हा धातू होते, आणि त्या टोकापासून झाडाच्या मुळांसारखे बारीक फाटे धन बाजूच्या दिशेने परत वाढत येतात. दोन बाजू जवळजवळ जुळल्या की गळती सुरू. यासाठी तीन गोष्टी लागतात: चांदी, एका दिशेने राहणारा डीसी व्होल्टेज आणि ओल. पहिल्या दोन जगभर सारख्याच. तिसरी आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडते. मी तो कंडेन्सर फोडला आणि भिंगाखाली धरला. अभ्रकाच्या कडेला काळसर, फांद्या फुटलेली नक्षी स्पष्ट दिसत होती. काका बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले होते.

नवा, हजार व्होल्टचा सिरॅमिक कंडेन्सर बसवला. ग्रिडवर उणे ५८. लाल झालेली नळी मात्र थकली होती, म्हणून दोन्ही फायनल जोडीने बदलल्या, आणि नळ्या बदलल्या की न्यूट्रलायझेशन आलंच. नळीच्या आत ग्रिड आणि प्लेट यांच्यात नकळत एक कंडेन्सर असतोच, ६१४६बीसारख्या नळीत पाव पिकोफॅरडहून थोडा कमी. एवढ्याशा धारकतेतूनही २८ मेगाहर्ट्झवर थोडी शक्ती मागे ग्रिडवर येते, पुन्हा वाढते, पुन्हा मागे येते. जत्रेतल्या नाटकात माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो ना, अगदी तसं, फक्त ही शिट्टी ऐकू येत नाही आणि नळ्या जाळते. उपाय सुंदर आहे: तेवढीच शक्ती उलट्या कलेत, म्हणजे उलट्या फेजमध्ये, एका छोट्या ट्रिमरमधून मुद्दाम मागे द्यायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर केसभर फिरवत, मीटर सगळ्यात खाली येईपर्यंत मी श्वास धरून बसलो होतो.

बँड स्विचचं थोडक्यात सांगतो. त्याचे संपर्कही चांदीच्या मुलाम्याचे, हवेतल्या गंधकाने काळे पडलेले. पॉलिश पेपर लावू नका, मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब टाकायचा आणि स्विच तीस-चाळीस वेळा फिरवायचा, घासून तो स्वतःच स्वच्छ होतो.

हॅम रेडिओशी गोव्याचं जुनं नातं काकांमुळे मला नव्याने कळलं. आज गोव्यातल्या हॅमचं सांकेतिक नाव व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होतं. पोर्तुगीज काळात ते सीआर८ने सुरू व्हायचं, आणि हॅम लोकांच्या जागतिक यादीत गोवा हा वेगळा देश म्हणून मोजला जायचा. १९६१च्या ३१ डिसेंबरपर्यंतचेच संपर्क त्यात धरतात. त्या महिन्याच्या १८ तारखेला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं होतं. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९५५पासून, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सरहद्दीलगतच्या जंगलातून 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' हे गुप्त नभोवाणी केंद्र चालवत होते. आंबोली आणि कॅसल रॉकच्या पावसात सहा वर्षं ट्रान्समीटर बोलता ठेवणं म्हणजे काय, हे आता माझ्या हातांना थोडंफार कळतं.

काका आता दर रविवारी सकाळी सेट लावतात, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, निदान तासभर. नळ्यांच्या उष्णतेने आतली ओल निघून जाते, कंडेन्सरना वीज मिळते, स्विच फिरतो. चादर काढून टाकली आहे. या वर्षी ऑगस्टमध्ये, सलग नऊ दिवस सूर्य दिसला नव्हता तेव्हा, मीटर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि ग्रिडवर पुन्हा मोजलं. उणे ५८.