कॉलेजच्या वर्गात खेळ: बेळगाव सीमाभागातली पार्श्वभूमी

खेळातून शिकवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बालवाडी येते, आणि ते साहजिक आहे. गिजुभाई बधेकांचं भावनगरचं बालमंदिर १९२० चं, ताराबाई मोडकांचं बोर्डीचं काम १९४५ चं. मराठी शिक्षणविचारात खेळाला मान मिळाला तो या वाटेने. पण ती वाट प्राथमिक शाळेच्या उंबरठ्यावरच थांबली. कॉलेजपर्यंत ती का आली नाही, हे कळायला विद्यापीठांची घडण पाहावी लागते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडनच्या धर्तीवर: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. बेळगावात १९३३ साली लिंगराज कॉलेज निघालं तेही याच चौकटीत. पुढे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आलं, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आलं. मधे १९५६ साली राज्यही बदललं, पण प्रश्नपत्रिका बाहेरून यायची ती येतच राहिली. वर्गात घडलेलं पेपरात उतरणार नसेल तर तास नोट्स उतरवून घेण्यातच जाणार. यात प्राध्यापकांना आळशी ठरवणं अन्यायाचं आहे.

सर्जनशीलतेची या भागात वाण नव्हती. मराठी संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, इंदिरा संत ट्रेनिंग कॉलेजात. तरी नाटक गॅदरिंगला आणि अर्थशास्त्र तासाला, ही वाटणी कायम राहिली.

मोठ्यांच्या शिक्षणात खेळ शिरला तो सैन्याच्या दारातून. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी नकाशावरचा युद्धखेळ रचला आणि १८२४ मध्ये तिथल्या लष्कराने तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात घेतला. १९३२ साली लेनिनग्राडमध्ये मेरी बिर्श्टाइन यांनी तीच कल्पना टाइपरायटरच्या कारखान्यासाठी वापरली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने बियरच्या पुरवठ्याचा खेळ तयार केला. जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत तो अजून खेळतात. आपल्या बीकॉम-बीबीएच्या वर्गालाही तो चालतो. बियरच्या जागी गोकाकच्या करदंट या मिठाईचे खोके धरायचे.

साखळीत चार जागा: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. प्रत्येक जागी दोघांना बसवावं, शक्यतो एक मराठी आणि एक कन्नड घरातला. एकाने ठरवायचं, दुसऱ्याने नोंद ठेवायची. खोक्यांसाठी चिंचोके उत्तम, साखळीमागे चारशे तरी हवेत. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ खोके आणि दोन जागांमधल्या वाटेवर, माल सरकवायला आखलेल्या प्रत्येक घरात ४. ऑर्डरची चिठ्ठी वर पोचून माल खाली यायला साधारण चार आठवडे लागतात, हा या खेळाचा कणा. दर आठवड्याला क्रम एकच: आलेला माल घ्या, मागणी बघून माल द्या, शिल्लक किंवा थकबाकी (मागितलेले पण देता न आलेले खोके) लिहा, चिठ्ठ्या पुढे सरकवा, नवी ऑर्डर लिहा. पडून राहिलेल्या खोक्याला ५० पैसे, थकलेल्या खोक्याला १ रुपया. ज्याचा खर्च कमी ती साखळी जिंकली.

गिऱ्हाइकाची मागणी पहिले चार आठवडे ४ खोके, पाचव्यापासून शेवटपर्यंत ८. बदल एवढाच. तरी कारखान्यापर्यंत जाता जाता ऑर्डरी वीस-तीसवर उसळतात, मग शून्यावर येतात, कारण वाटेत असलेला माल कोणी हिशेबात धरत नाही.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. दुकानदाराचं मागणीचं पान दुसऱ्याला दिसलं की खेळ संपला. बोलायला बंदी आहे, पण घाबरलेला वितरक पलीकडच्याला हळूच विचारतोच. त्यासाठी टेबलांमधे अंतर ठेवावं. शेवटचा आठवडा आधी कळला तर सगळे साठा संपवायला लागतात. म्हणून पन्नास आठवडे सांगावेत आणि छत्तीसच्या आसपास थांबवावं. सगळ्यात वाईट म्हणजे पंचावन्न मिनिटांच्या तासात तो कोंबणं. नियम समजायला वीस मिनिटं, खेळायला तास, आणि नंतरच्या चर्चेला अर्धा तास तरी लागतो. वेळ अपुरा पडला की आधी चर्चाच कापली जाते, आणि तसं झालं तर मुलं नुसती हसून घरी जातात. प्रॅक्टिकलसारखे दोन-तीन सलग तास मागून घ्यावेत.

चर्चा सुरू करताना आलेख आधी दाखवू नये. कारखानावाल्यांना गिऱ्हाइकाची मागणी अंदाजाने काढायला सांगावी. ते बहुधा मोठ्या लाटा काढतात. मग खरी, एकच पायरी असलेली रेघ फळ्यावर काढावी. आपल्या अडचणीचा दोष गिऱ्हाइकाला देणारा वर्ग तिथे गप्प होतो आणि रचनेकडे बघायला लागतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सर्जनशीलतेवर भर दिला. कर्नाटकाने २०२१-२२ पासून ते पदवीला लावलं आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळला. या येरझाऱ्यांत अभ्यासक्रम बदलत राहतील. खेळाला आधार मिळतो तो अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांचा. ते गुण जिंकणाऱ्या साखळीला देऊ नयेत. आपण त्या आठवड्यात तेवढीच ऑर्डर का दिली, यावर प्रत्येकाकडून एक पानभर टिपण घ्यावं आणि त्याला द्यावेत. चर्चेत मराठी, कन्नड दोन्ही चालू द्यावं. टिपणाच्या भाषेबाबत विभागाशी आधीच बोलून ठेवावं, नाहीतर खेळात चमकलेली मुलं कागदावर मागे पडतात.