खुलासा: भिकाऱ्याच्या वेशात पोरं पळवणारी टोळी

"भिकाऱ्याच्या वेशात पोरं पळवणारी टोळी आपल्या तालुक्यात आली, दिसली की पकडा" हा मेसेज कितीतरी वर्षांपासून फिरून राहिला. भीती वाटणं साहजिकच आहे, लेकरं सगळ्यांलेच आहेत. पण मेसेज नीट वाचा, त्यात ना तारीख असते ना कोणत्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला ते, फक्त तालुक्याचं नाव बदलते. पोलीस पाटलाले विचारा नाहीतर ठाण्यात फोन लावा. आमच्या गावात दोनदा विचारलं, दोन्ही वेळा कोणाचंच लेकरू गेलं नव्हतं.

मग हे लोक कोण? काही नाथजोगी, बहुरूपी, ज्यांचे बापजादेही सुगीत मागायले यायचे. आन काही मनानं आजारी. वर्ध्यावरून मुंबई-हावडा आन दिल्ली-चेन्नई दोन्ही लाइनी जातात, कुठचा कुठचा माणूस गाडीतून उतरतो आन पायीच चालत सुटतो. नाव सांगत नाही म्हणून आपल्याले संशय येतो, पण त्याले मराठीच येत नसन, किंवा स्वतःचं नावच आठवत नसन बिचाऱ्याले.

त्याले घेरू नका, मारू तर अजिबात नका. पाणी द्या, भाकर द्या, ११२ ले फोन करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहून आहे, असा आजारी माणूस भटकताना सापडला तर पोलिसांनी त्याले संरक्षणात घ्यायचं आन २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं. लेकरू खरंच दिसत नसन तर ११२ नाहीतर लेकरांच्या मदतीचा नंबर १०९८, लगेच.