पार्श्वभूमी: मिथेन, पॅलेडियम आणि पेरोव्हस्काइटची जाळी

भात बेणायला खाचरात उतरलं, की पाऊल रुततं आणि घोट्याभोवती बुडबुडे उठतात. चिखलात कुजणाऱ्या धसकटांतून सुटणारा हा मिथेन. 1776 साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी व्होल्टाने काठीने चिखल ढवळून हाच वायू बाटल्यांत धरला आणि पेटवून पाहिला. गोबरगॅसच्या शेगडीवरची निळी ज्योत त्याचीच. रिक्षातला सीएनजीही मुख्यतः तोच आणि गुहागरजवळ अंजनवेलला 2013 पासून जहाजाने उणे 162 अंशांवर द्रवरूपात उतरतो तोही तोच.

जळाला तर उत्तम इंधन. न जळता निसटला तर मात्र, वजनास वजन धरून, शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने 80 पटींहून अधिक हवा तापवतो. गॅसवर चालणाऱ्या इंजिनांच्या धुरातून तो थोडाथोडा निसटतच असतो, जहाजांच्याही. त्या धुरात मिथेन इतका विरळ असतो की ज्योत धरत नाही आणि धूर फारसा तापलेलाही नसतो. शिवाय सगळ्या हायड्रोकार्बनांत हा सर्वांत हट्टी. त्याचा कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे 439 किलोज्यूल लागतात. म्हणून उत्प्रेरक हवा.

ज्योतीविना ज्वलन पहिल्यांदा पाहिलं हम्फ्री डेव्हीने. खाणीतल्या वायूचे स्फोट टाळणाऱ्या दिव्यावर काम करताना, 1817 च्या सुमारास, त्याने तापवलेली प्लॅटिनमची तार कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली. ज्योत नव्हती, तरी तार लाल राहिली. तांबं, चांदी, लोखंड, सोनं यांना हे जमलं नाही. जमलं ते प्लॅटिनमला आणि पॅलेडियमला. पॅलेडियम तेव्हा नवाच धातू होता, वोलास्टनने 1802 मध्ये वेगळा केलेला.

मिथेनसाठी पॅलेडियमच सर्वांत सरस, हे पुढे पक्कं झालं. त्यातही काम करतं ते मुख्यतः त्याचं ऑक्साइड. पण हवेत 800 अंशांच्या आसपास ऑक्साइड मोडून धातू होतो आणि परत ऑक्साइड व्हायला तापमान बरंच खाली यावं लागतं. त्याहून मोठं दुखणं म्हणजे उष्णतेने बारीक कण सरकतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. गोळ्याच्या पोटातला महागडा धातू वायूला दिसतच नाही. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास मला तरी या गोळ्यांशी झालेल्या झगड्याचाच वाटतो.

इथे पेरोव्हस्काइट येतं, अणू ठरावीक जागी जाळीसारखे बसलेला एक स्फटिक. 1839 मध्ये गुस्टाव्ह रोझने उरल पर्वतातल्या या कॅल्शियम-टायटॅनियमच्या खनिजाला रशियन अधिकारी पेरोव्स्की यांचं नाव दिलं. रत्नागिरीकरांना त्याचा एक भाऊबंद ठाऊक आहे. मांडवीच्या काळ्या समुद्रावर वाळूत लोहचुंबक फिरवा. मॅग्नेटाइटचे कण झुपक्याने चिकटतात आणि मागे उरलेल्या काळ्या कणांत इल्मेनाइट असतं. तेही नाव उरलमधल्याच इल्मेन डोंगरांचं. सूत्राचा साचा तोच: दोन धातू, तीन ऑक्सिजन. पण इल्मेनाइटमधलं लोह आकाराने लहान, त्यामुळे रचना वेगळी होते. पेरोव्हस्काइटमध्ये मोठा अणू बारा ऑक्सिजनांच्या घरात बसतो आणि लहान अणू सहा ऑक्सिजनांच्या. या घरांत कोण मावेल याचं गणित गोल्डश्मिटने 1926 मध्ये मांडलं. माप जुळलं की भाडेकरू बदलता येतो. मोठ्या घरात लॅन्थॅनम, लहान घरात लोह, कोबाल्ट, मँगनीज आणि चिमूटभर पॅलेडियमसुद्धा.

1971 मध्ये, कार्बन-14 कालमापनासाठी नोबेल मिळवलेल्या विलर्ड लिबीने, मोटारींच्या धुरासाठी कोबाल्टची पेरोव्हस्काइटं सुचवली. स्वस्त होती, पण गंधकापुढे टिकेनात. 1975 पासून अमेरिकेतल्या गाड्यांवर आले ते प्लॅटिनम-पॅलेडियमचेच उत्प्रेरक. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 1996 मध्ये मौल्यवान धातूंशिवायची वाट दाखवली. मँगनीज, कोबाल्ट, लोह मिसळलेल्या झिर्कोनियावर, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडवर, त्यांनी कमी तापमानात मिथेन पूर्ण जाळला. ते काम अधिक लोकांना माहीत असायला हवं.

2002 मध्ये जपानच्या दाइहात्सूशी संबंधित गटाने लॅन्थॅनम-लोह-कोबाल्टच्या जाळीत, लहान घरांपैकी शंभरातल्या पाच घरांत पॅलेडियम बसवलं. पेट्रोल इंजिनाचा धूर कधी ऑक्सिजनकडे झुकतो, कधी इंधनाकडे. ऑक्सिजन वाढला की पॅलेडियम जाळीत शिरतं, कमी झाला की बारीक कण होऊन पृष्ठभागावर येतं. या आत-बाहेरमुळे गोळे होत नाहीत, असा त्यांचा दावा. 2011 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांना मात्र बरेच कण जाळीच्या आतच अडकलेले दिसले.

मिथेनच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. गॅस इंजिनाच्या धुरात बहुधा ऑक्सिजन जास्तच, म्हणजे धातू बाहेर यायला निमित्तच नाही. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लॅन्थॅनम-लोहाच्या पेरोव्हस्काइटवर मोजून दाखवलं, की जाळीत बसलेलं पॅलेडियम मिथेनला फारसं भीक घालत नाही. जाळतं ते पृष्ठभागावरचं ऑक्साइडच. आत ठेवावं तर टिकतं पण कामाचं नाही, बाहेर ठेवावं तर कामाचं पण टिकत नाही. भर म्हणून मिथेनच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू तयार होतात आणि ती वाफच पॅलेडियमच्या जागा अडवते.

2013 मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या गटाने मोठ्या अणूची काही घरं मुद्दाम रिकामी ठेवली. मग हायड्रोजनसारख्या ऑक्सिजन काढून घेणाऱ्या वायूत तापवलं, की लहान घरातला धातू सहज वर येतो. असे उगवलेले कण पृष्ठभागात अर्धवट रुतून बसतात, भरतीच्या वाळूत रुतलेल्या शिंपल्यासारखे, आणि सहज सरकत नाहीत.