फॅनपेजांच्या वळचणीला वाढलेला पेशा

वेब डेव्हलपरच्या मुलाखतीत पदवीइतकाच, कधीकधी पदवीच्याही आधी, एक प्रश्न येतो : स्वतः काय बनवलंय? पोर्टफोलिओची लिंक, कोड मांडून ठेवायच्या गिटहब या स्थळावरचं खातं, एखादा साइड प्रोजेक्ट हे सगळं अर्जासोबतच मागितलं जातं. डॉक्टरला किंवा सनदी लेखापालाला असं कोणी विचारत नाही. ही रीत पडली कशी, हे पाहायचं तर मोठ्या कंपन्यांपेक्षा सिनेमा, गाणी, विज्ञानकथा आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट) यांच्या चाहत्यांनी हौसेखातर उभारलेल्या पानांकडे वळावं लागतं. निदान माझं तरी तसं मत आहे.

वेबचा जन्म तसा रुक्ष जागी झाला. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत जो प्रस्ताव दिला, तो शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांची नीट सोय लागावी म्हणून. पण गंमतजंमत तिथेही फार काळ दाराबाहेर थांबली नाही. १९९२मध्ये वेबवर चढलेल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी एक होता सर्नमधल्याच मुलींच्या 'ले ऑरिब्ल सर्नेट' या विडंबनगीतं गाणाऱ्या बँडचा. सिनेवेड्यांनी तर वेबची वाटही पाहिली नव्हती. कोल नीडम या इंग्लंडमधल्या संगणक अभियंत्याने १९९०मध्येच युजनेट या वेबपूर्व चर्चामंचावरच्या चाहत्यांच्या याद्या शोधता येतील अशा केल्या होत्या. १९९३मध्ये हा साठा कार्डिफ विद्यापीठाच्या सर्व्हरवरून वेबवर आला. तोच पुढचा आयएमडीबी हा चित्रपटांचा माहितीसाठा. १९९८मध्ये ॲमेझॉनने तो विकत घेतला.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचं तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं. त्याच वर्षी आलेल्या मोझेक ब्राउझरमध्ये मजकुराच्या मध्येच चित्र दिसू लागलं, आणि चाहत्यांना हवं होतं ते मिळालं. १९९४मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने लोकांना फुकट जागा दिली, तीही विषयवार वस्त्या पाडून : सिनेमावाल्यांना 'हॉलिवूड', विज्ञानकथावाल्यांना 'एरिया ५१', संगीतवाल्यांना 'सनसेट स्ट्रिप', ॲनिमेवाल्यांना 'टोकियो'. लुकलुकणारी जीआयएफ चित्रं, काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारं काउंटर आणि 'काम चालू आहे'ची पाटी. या पानांची थट्टा बरीच झाली आणि ती दिसायची भडक हे खरंच; पण पेशाची खरी शाळा तिथेच भरत होती.

कारण शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. अभ्यासक्रम नव्हते, असले तरी ते वर्षभरात शिळे होत. होती ती ब्राउझरमधली 'व्ह्यू सोर्स'ची, म्हणजे पानामागचा कोड पाहायची सोय. दुसऱ्याच्या पानावर चांदण्यांची पार्श्वभूमी आवडली की सोर्स उघडायचा, ती ओळ शोधायची, उचलायची, फाइलचं नाव बदलायचं आणि आपल्या पानावर काय होतं ते पाहायचं. बहुतेकदा काहीतरी मोडायचं. मोडलेलं दुरुस्त करता करता माणूस एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकायचा.

धंदेवाईक मंडळीही त्याच वाटेने आली. १९९६चं 'स्पेस जॅम' या चित्रपटाचं संकेतस्थळ आजही जपून ठेवलेलं आहे. मध्ये चित्रपटाचा लोगो, भोवती ग्रह, मागे चांदण्या आणि प्रत्येक ग्रह म्हणजे एक लिंक. सोर्स पाहिला तर या सगळ्या अंतराळाखाली सापडतो एक टेबल : रांगा, रकाने आणि त्यांत बसवलेली चित्रं. आकड्यांच्या तक्त्यांसाठी केलेला हा टॅग, म्हणजे एचटीएमएलमधली खूण, लोकांनी मांडणीसाठी राबवला, कारण दुसरं साधनच नव्हतं. दोन गोष्टींमध्ये अंतर हवं असेल तर एका पिक्सेलचं पारदर्शक जीआयएफ घालून त्याची रुंदी हवी तेवढी ताणायची. पान डोळ्यांना ठीक दिसे, पण आत हात घालायची सोय नसे.

यावरचा उपाय कागदावर आधीच होता. होकून व्हिउम ली यांनी सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप मजकुरापासून वेगळं लिहायच्या भाषेची, कल्पना ऑक्टोबर १९९४मध्ये मांडली होती आणि तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६मध्ये अधिकृत झाली. अडचण होती ब्राउझरांची. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या लढाईत प्रत्येकाचे नियम वेगळे, त्यामुळे एकच पान दोनदा लिहायची वेळ येई. १९९८मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ याच त्राग्यातून उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी जेफ्री झेल्डमन जाहिरात क्षेत्रातून आले होते, आणि त्यांचं पहिलं संकेतस्थळ होतं १९९५च्या 'बॅटमॅन फॉरेव्हर' या चित्रपटाचं. पुढे २००३मध्ये डेव्ह शे यांनी सीएसएस झेन गार्डन सुरू केलं. एचटीएमएलची एकच फाइल, तिला हात लावायचा नाही, फक्त सीएसएस बदलायची. आणि तेच पान शेकडो रूपांत दिसू लागलं. चळवळीच्या निवेदनांनी जे पटलं नव्हतं, ते या एका पानाने अनेक डिझायनरांच्या गळी उतरवलं.

त्याच सुमाराला मायस्पेस हे समाजमाध्यम आलं. प्रोफाइलच्या 'अबाउट मी' या चौकटीत लोक सीएसएस चिकटवू लागले : आवडत्या बँडचं पोस्टर मागे, पान उघडताच गाणं सुरू. कंपनीने ही सोय आखून दिलेली नव्हती. एचटीएमएल पुरतं अडवायचं राहून गेलं होतं. याच फटीतून ऑक्टोबर २००५मध्ये सॅमी कामकार या १९ वर्षांच्या तरुणाने आपला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा कोड, सोडला. मायस्पेसचा फिल्टर 'जावास्क्रिप्ट' हा शब्द, म्हणजे पानात प्रोग्रॅम चालवणाऱ्या भाषेचं नाव, गाळून टाकायचा. कामकारने त्या शब्दाच्या मधोमध ओळ तोडली. फिल्टरला तो दिसेना, काही ब्राउझर मात्र दोन्ही तुकडे जोडून वाचत. जो त्याचं प्रोफाइल पाही, त्याच्या पानावर 'सॅमी माझा हिरो आहे' अशा अर्थाची ओळ उमटे आणि कोड पुढे पसरे. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलं बाधित झाली. कामकारला शिक्षा झाली. पुढे तो सुरक्षा संशोधक म्हणूनच नावाजला.

इकडे पेशाचे तुकडे पडत होते. नव्वदच्या दशकातला 'वेबमास्टर' चित्रं कापायचा, कोड लिहायचा, सर्व्हर सांभाळायचा आणि तक्रारींच्या मेललाही उत्तर द्यायचा. त्याच्या जागी फ्रंटएंड (दिसणारा भाग), बॅकएंड (सर्व्हरकडचा भाग), यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव) अशी पदं आली. २००७मध्ये आयफोन आला, २०१०मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या आकारानुसार बदलणाऱ्या 'रिस्पॉन्सिव्ह' डिझाइनची मांडणी केली, २०१३मध्ये फेसबुकने पानं रचायचं रिॲक्ट हे साधन सर्वांना खुलं केलं. पानांवर ॲनिमेशन आणि खेळ चालवणारं फ्लॅश मागे पडलं आणि २०२०च्या अखेरीस ॲडोबीने ते बंदच केलं.

या सगळ्यात एका बदलाची चर्चा मात्र कमी होते. आज एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचा सोर्स उघडला तर यंत्राने दाबून एका ओळीत कोंबलेला कोड दिसतो. तो वाचून नवखा काही शिकेल ही शक्यता जवळपास नाही. फुकट शाळा मिटली, पण तिथली प्रवेशपरीक्षा तेवढी राहिली. ज्यांच्याकडे मोकळ्या संध्याकाळी होत्या, त्यांच्यासाठी 'काहीतरी करून दाखव' हे खुलं दार होतं. घर आणि नोकरी सांभाळून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला तीच अट भिंतीसारखी आड येते. मधल्या काळात थोड्या अवधीत कोडिंग शिकवणाऱ्या बूटकॅम्पांनी ही पोकळी भरायचा प्रयत्न केला. त्यांतलं आद्य मानलं जाणारं, २०१२मध्ये सुरू झालेलं डेव्ह बूटकॅम्प २०१७मध्ये बंदही पडलं.

जिओसिटीज याहूने १९९९मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक मोल देऊन घेतलं आणि ऑक्टोबर २००९मध्ये बंद केलं. बंद पडणारी संकेतस्थळं जपणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी हाती लागली तेवढी पानं उतरवून घेतली. त्यानंतर महिन्याभरात 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे फॅनफिक्शनचं, म्हणजे आवडत्या कथांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींचं, संग्रहालय सर्वांसाठी खुलं झालं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहिलं की एक दिवस हाकलून लावतात, हे चाहत्यांना कळून चुकलं होतं. म्हणून सर्व्हर स्वतःचे, खर्च देणग्यांतून. रूबी ऑन रेल्स या वेब बांधायच्या साधनावर चालणारं हे स्थळ स्वयंसेवकांनी बांधलं, आणि त्यांतल्या कित्येकींनी प्रोग्रॅमिंगला पहिल्यांदा हात घातला तो याच कामासाठी. २०१९मध्ये या स्थळाला विज्ञानकथेच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कोड आजही गिटहबवर उघडा आहे.