बहुसंवेदी माध्यमनिर्मितीची साधने

चित्र आणि ध्वनी यांच्या जोडीला वारा, कंप, ऊब, धुके, पाण्याचा शिडकावा किंवा वास प्रेक्षकाला नेमक्या क्षणी जाणवावा, यासाठी त्या परिणामांची नोंद करणारी, ती तपासणारी व उपकरणांकडून घडवून आणणारी सॉफ्टवेअर. अशा माध्यमाला संशोधक ‘मल्सेमीडिया’ म्हणतात.

कल्पना सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. मॉर्टन हायलिग या अमेरिकी छायाचित्रकाराला 1962 मध्ये ‘सेन्सोरामा’ या यंत्राचे पेटंट मिळाले. आत डोके घालून बसले की त्रिमित चित्रातून मोटारसायकलची फेरी दिसे, आसन हादरे, तोंडावर वारा येई आणि वासही येत. त्यात चित्रपट आणि यंत्र एकमेकांना बांधलेले होते. तोच अनुभव दुसऱ्या यंत्रावर न्यायचा तर सगळे पुन्हा जुळवावे लागले असते. ही गाठ सोडवणे हेच पुढच्या साधनांचे खरे काम ठरले.

ती सुटली ‘एमपेग-व्ही’ या आंतरराष्ट्रीय मानकामुळे. त्याचा अधिकृत क्रमांक आयएसओ/आयईसी 23005 असून पहिली आवृत्ती 2011 मध्ये आली. त्याच्या तिसऱ्या भागात संवेदी परिणाम लिहिण्याची भाषा आहे; ती एक्सएमएल या, माहिती खुणांनी बांधून मजकुरात लिहिण्याच्या पद्धतीवर आधारलेली आहे. पंखा कोणत्या कंपनीचा, त्याचे बटण कोणते, हे निर्माता लिहीतच नाही. वारा, डावीकडून, अमुक तीव्रतेचा, अमुक क्षणी सुरू, एवढेच तो लिहितो. घरातल्या उपकरणाची क्षमता वेगळ्या वर्णनात असते आणि दोहोंचा मेळ घालण्याचे काम मधल्या प्रणालीचे. संगीताची स्वरलिपी जशी कोणत्याही वाद्यावर वाजवता येते, तशी ही फाइल. खोलीत पंखा नसेल, तर तेवढा परिणाम गळतो. चित्रपट थांबत नाही.

ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट विद्यापीठात ख्रिस्तियान टिमरर यांच्या गटाने या मानकावर तीन साधने केली. ‘सेव्हिनो’मध्ये व्हिडिओ पाहत टाइमलाइनवर, म्हणजे वेळेच्या पट्टीवर, परिणाम मांडायचे. ‘सेसिम’मध्ये ते पडद्यावरच तपासायचे, उपकरणे जवळ नसली तरी चालते. ‘सेम्प’ हा खऱ्या दिव्यांसह, पंख्यांसह व कंपपट्टीसह व्हिडिओ चालवणारा प्लेअर. प्रकाशाची नोंद हाताने करण्याची गरज त्यांनी बरीच कमी केली. चौकटीतील रंगांची सरासरी काढून दिव्यांचा रंग आपोआप ठरवता येतो. वाऱ्याचे आणि वासाचे तसे होत नाही. पडद्यावर समुद्र दिसला म्हणजे प्रेक्षकापर्यंत खारा वारा यायलाच हवा असे नाही. प्रसंग बंद खिडकीआडचाही असू शकतो. तो निर्णय माणसाने, दृश्य पुन्हा पुन्हा पाहून घ्यायचा. म्हणूनच काही मिनिटांच्या व्हिडिओची नोंदही वेळखाऊ असते. या क्षेत्राची वाढ उपकरणांच्या किमतीइतकीच या श्रमांनीही रोखून धरली आहे.

ब्राझीलमधील काम याच अडचणीला वेगळ्या बाजूने भिडते. नितेरॉय येथील फ्लुमिनेन्से फेडरल विद्यापीठाच्या ‘स्टीव्ह’ या संपादकात परिणामाला ठरावीक सेकंदाऐवजी दुसऱ्या घटनेशी बांधता येते: स्फोटाचा आवाज सुरू होईल तेव्हा कंप, तो संपला की धूर. मधला प्रसंग कापला, तरी नाते टिकते. टाइमलाइनवर मात्र पुढच्या सगळ्या नोंदी सरकवाव्या लागतात. माझ्या मते निर्मात्याचा हात मोकळा करणारी खरी सुधारणा हीच. एस्पिरितो सांतो फेडरल विद्यापीठातील मुक्तस्रोत ‘प्लेसेम’ची बाजू दुसरी. त्यात व्हिडिओ दाखवणारा प्लेअर आणि उपकरणे चालवणारा भाग वेगळे ठेवले आहेत. दोघे नेटवर्कवरून बोलतात, त्यामुळे तोच दुसरा भाग एखादा खेळ किंवा आभासी वास्तवाचा प्रयोगही वापरू शकतो.

स्पर्शाच्या बाबतीत बाजार पुढे गेला. अॅपलने 2019 मध्ये आयओएस 13 या आयफोनच्या कार्यप्रणालीबरोबर ‘कोअर हॅप्टिक्स’ आणले. त्यात कंपाचा नमुना जेसन या साध्या मजकुरी स्वरूपाच्या फाइलमध्ये तीव्रता व धार या दोन मुख्य गुणांनी लिहिता येतो. खिशातल्या फोनमध्येच कंपयंत्र असल्याने इथे प्रेक्षकाला वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

सर्वांत हट्टी इंद्रिय नाकाचे. दिवा क्षणात विझतो, पण वास खोलीत रेंगाळतो आणि पुढच्या वासात मिसळतो. पंख्यालाही वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून त्याला आज्ञा आधी पाठवावी लागते. ओठांची हालचाल आणि आवाज यांत सेकंदाच्या दहाव्या भागाची तफावतही खटकू शकते. वास काही सेकंद मागेपुढे झाला तरी बहुतेक प्रेक्षक तो सहन करतात. चांगल्या साधनाला प्रत्येक संवेदनेचा हा वेगळा काळ सांभाळावा लागतो.

एमपेग-व्हीत प्रेक्षकाच्या पसंतीचीही सोय आहे. दम्याच्या रुग्णाने वास बंद करावा, लखलखाटाचा त्रास होणाऱ्याने प्रकाशाची कमाल तीव्रता कमी ठेवावी, आणि मधल्या प्रणालीने ते निर्मात्याच्या नोंदीहून वरचढ मानावे. नवे साधन घडवणाऱ्याने ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी.