सगे कोण, सोयरे कोण?

२७ जानेवारी २०२४ ला वाशीत तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मराठा आरक्षणासाठी लढणाऱ्या मनोज जरांगे पाटलांच्या हाती कुणबी दाखल्यांबाबतच्या अधिसूचनेचा मसुदा ठेवला, आणि 'सगेसोयरे' हा शब्द टपरीपासून टीव्हीपर्यंत गाजला. तोवर आपण तो एका दमात म्हणत होतो, 'सगळे नातेवाईक' एवढ्याच अर्थाने. मसुद्याने मात्र व्याख्या केली: वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून जोडलेले नातेवाईक. म्हणजे व्याख्या सोयऱ्यांचीच झाली, सगे नावापुरते.

सगा रक्ताचा. सोयरा लग्नाने आलेला: व्याही, जावई, मेव्हणा. सोयरीक जुळते आणि मोडते. सख्खेपण कुणाला जुळवता येत नाही.

आम्ही कोपरखैरण्याचे, मूळ साताऱ्याकडचे. बहिणीच्या लग्नात अण्णांनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे भावकी, उजवीकडे सोयरे. भावकीला निरोप पुरतो, ती आपणहून वाढायला उभी राहते. सोयऱ्यांच्या दारात पत्रिका घेऊन जावं लागतं, आणि टोपी-टॉवेलात कमीजास्त झालं की रुसवा ठरलेला. मामाचं नाव उजवीकडे पडलं तेव्हा मी अडवलं.

"सख्खा मामा सोयरा कसा?"

"तुझा सख्खा. माझा मेव्हणा."

माणूस एकच, यादी कोण करतंय त्यावर रकाना ठरतो. शिवाय सगे आणि भावकी हेही अगदी एक नव्हेत. मामा रक्ताचा, पण भावकीत नाही. भावकीची खूण सुतक: ज्यांच्या घरचं दहा दिवस आपल्यालाही धरावं लागतं, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणून आमच्याकडे मामाची मुलगी करतात, चुलत्याची तर बहीणच.

'सोयरसुतक' मधल्या 'सोयर'चा सोयऱ्याशी घोळ घालू नका. तो जन्माचा विटाळ, सोहेर, सुतक मृत्यूचं. 'मला त्याचं सोयरसुतक नाही' म्हणजे त्याच्या घरी कुणी जन्मो की मरो, मला काही नाही.

पुढे चुलतभावाच्या लग्नाची यादी निघाली. त्याच वहीत, तीच रेघ. बहिणीचं नाव या वेळी उजवीकडे, जावयांच्या नावाखाली. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता वाढायला उठणार नाही, आणि साडी बघून घेणार."