यीस्टची शिरगणती आणि एक छोटासा ड्रॉपडाऊन

बिअरस्मिथ म्हणा, ब्रूफादर म्हणा, घरी बिअर बनवणाऱ्यांचं कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की परीक्षेचा फॉर्म भरतोय असं वाटतं. बॅच किती लिटर, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, म्हणजे साखर किती त्याचा अंदाज) किती, यीस्टच्या पाकिटावर तारीख काय... आत मात्र शाळेतला गुणाकारच चाललेला असतो.

एल प्रकारच्या बिअरसाठी नेहमीचा हिशोब असा की वॉर्टच्या (म्हणजे आंबवायच्या गोड माल्टच्या पाण्याच्या) दर मिलीलिटरला, दर डिग्री प्लेटोला (हेही साखरेचंच माप) यीस्टच्या साडेसात लाख पेशी हव्यात (लागर हा दुसरा प्रकार थंडीत आंबतो म्हणून त्याला दुप्पट). 20 लिटर वॉर्ट, ग्रॅव्हिटी 1.048 म्हणजे साधारण 12 प्लेटो, झाला गुणाकार, 180 अब्ज पेशी! आणि बऱ्याच लिक्विड पाकिटांत ताजेपणी असतात 100 अब्जच्या आसपास, म्हणून मग स्टार्टर, म्हणजे पातळ वॉर्टमध्ये यीस्टला आधी वाढवून घ्यायचं. कोरड्या यीस्टला सहसा ही उठाठेव लागत नाही.

आता गंमत बघा. पाकीट 3 महिने जुनं आहे, महिन्याला 20 टक्के पेशी मरतात असं धरलं, तर दर वेळी उरलेल्याच्या 20 टक्के काढले की 51 अब्ज जिवंत आणि दर वेळी मूळच्या 20 टक्के काढले की 40 अब्ज, आणि यावरून लोक तासन्‌तास वाद घालतात. पण पुढचं करून बघा की! स्टार्टर सतत ढवळत ठेवला तर एका ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्टवर (ज्यापासून स्टार्टरचं वॉर्ट बनवतात तो माल्टचा अर्क) अंदाजे 1.4 अब्ज नव्या पेशी तयार होतात असं एक मॉडेल सांगतं. 180 अब्ज गाठायला पहिल्या हिशोबाने एक्स्ट्रॅक्ट लागतं 92 ग्रॅम, दुसऱ्याने 100 ग्रॅम. लिटरला 100 ग्रॅम टाकायचं असतं, म्हणजे स्टार्टरमध्ये फरक किती, तर 80 मिली. एवढ्यासाठी भांडायचं?

खरी मेख आहे ती सॉफ्टवेअरमधल्या खालच्या ड्रॉपडाऊनमध्ये, स्टार्टर मॅग्नेटिक स्टररवर (सतत ढवळणाऱ्या यंत्रावर) ठेवणार, अधूनमधून हलवणार की नुसता ठेवून देणार. ढवळल्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ऑक्सिजन आत येतो आणि पेशीचं आवरण बांधायला लागणारी स्टेरॉल्स बनवायला यीस्टला तोच लागतो. नुसता ठेवलेला स्टार्टर खूपच कमी वाढतो, त्यामुळे इथे चुकीचा पर्याय निवडला तर पाकिटाची तारीख कितीही नीट भरा, उपयोग शून्य.

रेसिपीच्या बाजूला असाच एक आकडा म्हणजे एफिशियन्सी, माल्टमधली किती साखर खरंच वॉर्टमध्ये उतरते तो. माझ्या सुरुवातीच्या एका बॅचला सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवलेला 70 टक्के मी तसाच ठेवला, साडेचार किलो माल्ट घातलं, स्क्रीनवर ग्रॅव्हिटी 1.047 आणि ती मोजणारा हायड्रोमीटर म्हणतोय 1.040. आधी वाटलं हायड्रोमीटरच बिघडला, साध्या पाण्यात बुडवून पाहिला तर बरोबर 1.000. उलटा हिशोब केला तेव्हा कळलं, माझी भांडी जेमतेम 60 टक्केवाली आहेत. तेव्हापासून त्या चौकटीत 60 आहे.